हजेरीचें बक्षीस आणि तापाची वांटणी

मृगाचा पाऊस पडून शाळा उघडल्या कीं चार-सहा आठवड्यांच्या आंत आमच्या शहरांत घरोघर एकच रडगाणें ऐकूं येऊं लागतें. धाकट्याचें नाक वाहतें आहे, थोरलीला कणकण आहे, आणि त्या दोघांची उस्तवार करतां करतां त्यांच्या आईचेंहि अंग मोडून आलें आहे. दवाखान्यांतील बांकें भरून जातात, औषधाच्या दुकानांतील गोळ्यांचीं खोकीं रिकामीं होतात, आणि पंधरा दिवसांनीं ‘हवा बदलली, चालायचेंच’ असें म्हणून आम्ही सर्वजण तो विषय बंद करतों. त्या बिचाऱ्या हवेनें काय केलें हें कोणी विचारीत नाहीं. हवेवर फिर्याद ठेवतां येत नाहीं, म्हणूनच बहुधा सर्व अपराध तिच्या माथीं मारण्याची आम्हांस संवय लागली असावी. परंतु आज आम्हांस वाचकांपुढें जो आरोपी उभा करावयाचा आहे, त्याचा दरसाल टाळ्यांच्या गजरांत सत्कार होत असतो. तो आरोपी म्हणजे, ‘वर्षभर शंभर टक्के हजेरी’ या सदराखालीं स्नेहसंमेलनांत वांटलें जाणारें बक्षीस.

हें आम्ही ऐकीव माहितीवरून लिहीत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत आमच्याच घरीं घडलेली गोष्ट आहे. आमच्या पांचवींतील चिरंजिवाचें अंग रात्रीं तापलें. दुसरे दिवशीं चाचणी परीक्षा होती. सार्वजनिक आरोग्यावर ज्यांनीं स्तंभचे स्तंभ भरले आहेत अशा आम्हीं काय करावें? पॅरासिटामॉलची मात्रा दिली, तासाभरांत कपाळ गार लागलें, आणि दप्तर पाठीवर देऊन मुलास रिक्षांत बसविलें. दोन प्रहरीं शाळेंतून निरोप आला कीं, मुलगा बांकावर मान टाकून पडला आहे, घेऊन जा. तोंपर्यंत तो दोन मुलांच्या मध्यें चार तास खोकत बसला होता. त्या आठवड्यांत त्याच्या वर्गांतील चौदा मुलें आजारी पडलीं. त्यांतील कितीजणांस ताप आमच्या घरचा गेला व आमच्या मुलास तो कोणाच्या घरचा आला होता, याचा हिशेब करण्यांत अर्थ नाहीं. मुलगा पांचव्या दिवशीं अंगणांत खेळूं लागला. परंतु त्याच्याजवळ निजणाऱ्या आमच्या मातोश्री, वय वर्षें अठ्याहत्तर, मधुमेहाच्या रोगी, यांस न्यूमोनिया होऊन अकरा दिवस रुग्णालयांत काढावे लागले. आणि घरीं परत आल्या त्या काठीच्या आधारानें. संमेलनांत आमच्या मुलास बक्षीस मिळालें नाहीं हें सांगावयास नकोच. तें त्याच्या शेजारीं बसणाऱ्या मुलास मिळालें. त्या तापाच्या आठवड्यांत आपला मुलगा एकहि दिवस चुकला नाहीं, असें त्याच्या वडिलांनीं आम्हांस मोठ्या अभिमानानें सांगितलें!

इन्फ्लुएन्झा म्हणजे नुसतें पडसें, ही समजूत सोडून दिली पाहिजे. पडसें हळूहळू येतें. हा ताप एकाएकीं येतो, अंग ठणकतें, डोकें धरतें, कोरडा खोकला लागतो. त्याचा विषाणु रोग्याच्या खोकण्या-शिंकण्यांतून उडणाऱ्या तुषारांबरोबर, आणि हातावरून नाकातोंडाकडे, असा प्रवास करतो. शरीरांत शिरल्यावर एक ते चार दिवसांत तो आपलें रूप दाखवितो. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, लक्षणें दिसण्याच्या आदले दिवसापासूनच रोगी दुसऱ्यास रोग देऊं लागतो व पुढें पांच ते सात दिवस देत राहतो. लहान मुलें तर त्याहूनहि अधिक दिवस देतात. तापाची गोळी पारा खालीं आणते, संसर्ग खालीं आणीत नाहीं. ज्या मुलाचा ताप गोळीनें दाबला आहे तें मुलगें बरें नव्हे. तें केवळ चालतें-फिरतें झालेलें आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या दृष्टीनें अधिकच धोक्याचें. म्हणून गोळी न देतां पुरते चोवीस तास ताप आला नाहीं, तरच मुलास शाळेंत पाठवावें, हा नियम वैद्यकशास्त्रानें घालून दिला आहे. तो पाळावयास पैसा लागत नाहीं; लागतें तें फक्त शाळेचें अनुमोदन.

ज्यांस हा ‘चार दिवसांचा ताप’ वाटतो त्यांनीं १९१८ सालाची आठवण करावी. त्या वर्षीं महायुद्धाच्या धामधुमींत ही साथ समुद्रमार्गें मुंबईस उतरली. जूनच्या १० तारखेस मुंबईच्या पोलिस इस्पितळांत सात शिपाई तापानें आजारी होऊन दाखल झाले; त्यांपैकीं एकजण गोदीवर पहाऱ्यास होता. ती पहिली लाट सौम्य होती, आणि लोकांनीं, आज आपण म्हणतों तसेंच, ‘हवा बदलली’ असें म्हटलें असल्यास नवल नाहीं. सप्टेंबरांत दुसरी लाट आली. तीं पावसानें दगा दिलेला, धान्य महाग झालेलें. आगगाडीच्या रुळांवरून ताप गांवोगांव पोंचला. ६ ऑक्टोबर रोजीं एकट्या मुंबई शहरांत एका दिवसांत ७६८ माणसें मेलीं. मेलेल्यांत विशीपासून चाळिशीपर्यंतचीं धट्टींकट्टीं माणसें फार होतीं, आणि स्त्रियांचा भरणा अधिक होता. कारण घरांत सर्वांची शुश्रूषा करून शेवटीं अंथरूण धरणारी तीच असते. हिंदुस्थानांत एकंदर बळी किती, याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून पुढें जातात. आजच्या भारताच्या हद्दींतील लोकसंख्या १९११ सालीं २५.२१ कोटि होती ती १९२१ सालीं २५.१३ कोटि भरली. विसाव्या शतकांत लोकसंख्या घटल्याचें हें एकच दशक आहे.

मुंबईचे त्या वेळचे आंकडे आणखी एका दृष्टीनें वाचण्यासारखे आहेत. युरोपियन लोकांत हजारीं ८.३ माणसें दगावलीं, पारशांत ९. आणि ज्यांस आम्हीं अस्पृश्य मानून गांवाच्या कडेस ढकललें होतें त्या जातींत हजारीं ६१.६! इतर हिंदूंचें प्रमाण १८.९ होतें. जंतूला जात कळत नाहीं हें खरें. परंतु एका खोलींत किती माणसें निजतात, त्या खोलीस खिडकी आहे किंवा नाहीं, आणि आजारी माणसास उद्यां कामावर न जातां घरीं पडून राहण्याची ऐपत आहे किंवा नाहीं, हें त्यास बरोबर कळतें. परक्या सरकारची यंत्रणा अपुरी पडली तेव्हां नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ मध्यें स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक चाळींतून औषधें घेऊन हिंडले. त्या काळीं आमच्या पूर्वजांस निदान दोष देण्यास परकी सत्ता होती. आज शाळा आमच्या, नगरपालिका आमच्या, कायदे आमचे. आतां बोट कोणाकडे दाखवावयाचें?

कायद्याचाच विषय निघाला म्हणून सांगतों. १८९७ च्या प्लेगांत इंग्रज सरकारनें साथरोगाचा कायदा केला. अवघीं चार कलमें. सरकारास हवीं तीं बंधनें घालण्याचा अधिकार, तीं मोडणारास शिक्षा, आणि अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यास संरक्षण, यापलीकडे त्यांत कांहीं नव्हतें. रोग्यास काय द्यावें, मजुराच्या बुडालेल्या रोजीचें काय करावें, याविषयीं एक अक्षर नाहीं. त्या अधिकाराचा पुण्यास कसा उपयोग झाला हें महाराष्ट्रास नव्यानें सांगावयास नको. आश्चर्य हें कीं, स्वातंत्र्य मिळून बहात्तर वर्षें लोटल्यावर २०२० सालीं कोविडची साथ आली तेव्हांहि आम्हीं पेटींतून काढलें तें हेंच हत्यार. आणि त्यास जी दुरुस्ती जोडली तींत मुख्य भर वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांच्या शिक्षेवर होता. ती दुरुस्ती योग्यच होती. परंतु राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानें सार्वजनिक आरोग्य सुधारणें हें राज्याचें आद्य कर्तव्य ठरविलें आहे, त्या कर्तव्याचें कलम या कायद्यांत आम्हांस सांपडलें नाहीं.

पुण्याच्या लोकांस २००९ सालची आठवण ताजी असेल. त्या वर्षीच्या ३ ऑगस्ट रोजीं चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूनें दगावली. हा हिंदुस्थानांतील त्या साथीचा पहिला बळी. एका दिवसांत शहराचा रंग पालटला. शाळा बंद, चित्रपटगृहें बंद, तपासणीच्या रांगांत तापकरी आणि धडधाकट एकमेकांस खेटून उभे, मुखपट्ट्या चढ्या भावानें विकल्या जात आहेत, आणि ज्यास मुखपट्टी मिळाली नाहीं तो रुमालांत कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधून हुंगतो आहे! आदल्या आठवड्यांत बेफिकिरी आणि पुढल्या आठवड्यांत धांवाधांव. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा आमचा धंदा जुनाच आहे. तो विषाणु त्यानंतर कोठें गेला नाहीं. तो दरवर्षींच्या साथींपैकींच एक होऊन आमच्यांतच राहिला, आणि २०१५ सालीं त्यानें देशांत ४२ हजारांवर लोक आजारी पाडून २,९९० बळी घेतले. कोविडच्या काळांत मुलांच्या बहुतेक शाळा दीड वर्षाहून अधिक बंद राहिल्या, व त्या बंदीनें गरिबांच्या मुलांचें जें नुकसान केलें तें अजून भरून निघालेलें नाहीं. शाळांना सरसकट कुलूप लावणें हा उपाय आम्हांस मुळींच पसंत नाहीं. परंतु ज्यास शाळा चालूं ठेवावयाच्या आहेत, त्यानें आजारी मुलास चार दिवस घरीं राहूं दिलें पाहिजे.

येथें मुख्याध्यापक मंडळी आम्हांस हटकतील. ‘तुम्ही म्हणतां तें खरें, पण सवलत दिली कीं पोरें पोट दुखण्याचीं सोंगें करतील, व पालक लग्नाकार्यास नेऊन तापाची चिठ्ठी आणतील.’ हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु कायद्याच्या दृष्टीनेंच पाहूं. दहावी-बारावीच्या परीक्षेस बसण्यास शेंकडा ७५ हजेरी मागतात, आणि आजारपण सिद्ध केल्यास त्यांतहि सूट देण्याची सोय आहे. वर्षांतून दोनशेंहून अधिक दिवस शाळा भरते. त्याचा चौथा हिस्सा पन्नास दिवसांच्या खालीं जात नाहीं. खुद्द परीक्षा-मंडळ जेथें पन्नास दिवसांची मुभा देतें, तेथें पांच दिवसांच्या तापासाठीं मुलाच्या नांवावर काट मारण्याचा अधिकार शाळेस कोणी दिला? शंभर टक्क्यांचें हें खूळ कोणत्याहि कायद्यांत नाहीं. तें आमच्याच हौसेंतून निघालेलें आहे. दुसरें असें कीं, सोंग करणारा मुलगा घरीं राहिला तर त्याचें एकट्याचें दोन दिवसांचें गणित बुडतें. खरा तापकरी मुलगा शाळेंत आला तर वर्गाचा वर्ग बुडतो. लहानग्या चोराच्या भीतीनें घराचें दार मोठ्या चोरासाठीं उघडें टाकावें, हा कोठला न्याय? आणि प्रत्येक तापास डॉक्टरांच्या दाखल्याचा आग्रह धरूं नये. त्या कागदासाठीं हातावर पोट असलेल्या बापास शें-दोनशें रुपये मोजून आजारी मुलासह भरल्या दवाखान्यांत दोन तास बसावें लागतें, आणि जातांना नसलेला रोग येतांना घेऊन यावा लागतो. आईची सहीची चिठ्ठी पुरी समजावी.

चाचणी परीक्षेचा प्रश्न त्याहून सोपा आहे. आजारी मुलाची चाचणी आठवड्यानें घ्यावी. त्यास एक निराळी प्रश्नपत्रिका काढावी लागेल, हा शिक्षकांस त्रास आहे हें आम्ही कबूल करतों. पण अर्धा वर्ग व स्वतः शिक्षक आजारी पडल्यावर होणाऱ्या त्रासाहून तो मोठा नसावा.

आतां साबणाविषयीं. १५ ऑक्टोबर हा हात धुण्याचा जागतिक दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशीं शाळाशाळांतून मुलें रांगेनें हात धुतात, पाहुणे येतात, छायाचित्रें निघतात. १६ ऑक्टोबर रोजीं त्याच नळापाशीं जाऊन पाहावें! २००९ च्या शिक्षण-हक्क कायद्याच्या परिशिष्टांत पिण्याचें पाणी व मुलामुलींसाठीं स्वतंत्र शौचालयें यांचा उल्लेख आहे, साबणाचा नाहीं. आणि जें कायद्यांत नाहीं तें अंदाजपत्रकांत कशाला येईल? या विषाणूवर चरबीचें एक पातळ वेष्टन असतें व साबणानें तें विरघळतें. एवढ्या स्वस्तांत मरणारा शत्रु दुसरा मिळणार नाहीं. नगरपालिकेच्या सभासदांनीं मंडपांच्या परवानग्यांवर जेवढा वेळ खर्च केला त्याच्या शतांश वेळ शाळांच्या नळांवर खर्च करावा. वर्गाच्या खिडक्यांचेंहि असेंच. पाऊस आला कीं साठ मुलें कोंडून खिडक्या लावून घेण्याची चाल आहे. ज्या बाजूनें झड येत नाहीं त्या बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या. मुलें भिजत नाहींत.

आमच्या व्यापारी वाचकांस यांत आपला संबंध काय असें वाटेल. गल्ल्यावर बसून खोकत खोकत बोटास थुंकी लावून नोटा मोजणारे शेठजी आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्यावर आम्ही अधिक लिहीत नाहीं. खरा मुद्दा पगाराचा आहे. तापकरी मूल शाळेंत कां येतें? पुष्कळदां त्याचें कारण बक्षीस हें नसून, घरीं त्याजवळ बसावयास कोणी नसतें हें असतें. आई दुकानांत, कारखान्यांत किंवा तुमच्या-आमच्या घरीं धुणेंभांडीं करीत असते. एक खाडा म्हणजे एक दिवसाचा पगार गेला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्यानें कामगारांस वर्षाकाठीं आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा दिली आहे, परंतु तो लाभ लहान दुकानांपर्यंत पोंचत नाहीं. आणि घरकाम करणारी बाई तर त्या कायद्याच्या हिशेबांतच नाहीं. कायदा येईल तेव्हां येवो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत घरचें मूल तापानें पडलें असतां नोकरमाणसाचे तीन दिवस कापावयाचे नाहींत, असें एखाद्या पेठेंतील व्यापाऱ्यांनीं आपसांत ठरविलें तर त्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. व्यवहाराच्याच भाषेंत बोलावयाचें तर, तीन दिवसांची मजुरी देणें हें सगळें दुकान आठ दिवस खोकत चालविण्यापेक्षां स्वस्त पडतें.

लशीविषयीं लोकांत जो गोंधळ आहे तो परदेशीं पंचांग आमच्याकडे चालविल्यामुळें झाला आहे. थंड देशांत ही साथ हिवाळ्यांत येते, म्हणून तेथें ऑक्टोबरांत लस टोंचतात. आमच्याकडे मोठी साथ पावसाळ्यांत व दुसरी जानेवारी ते मार्च या सुमारास येते. तेव्हां महाराष्ट्रांतील मुलास मे महिन्याच्या सुटींत लस टोंचणें हेंच शहाणपणाचें. राहिलें असल्यास आतांहि टोंचावी. विषाणु दरसाल रूप पालटतो म्हणून लसहि दरसाल घ्यावी लागते. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलास ती द्यावी असें इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचें मत आहे. नऊ वर्षांखालील मुलास पहिल्या वर्षीं महिन्याच्या अंतरानें दोन मात्रा लागतात. गरोदर स्त्रिया, वृद्ध, मधुमेह, दमा व हृदयरोग असलेले यांनींहि ती चुकवूं नये. लस घेतली म्हणजे ताप येणारच नाहीं असें नाहीं. आला तरी तो बहुधा रुग्णालयापर्यंत नेत नाहीं. ज्या पुण्यांत विषाणूंवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९५२ पासून आहे, व जेथल्या कारखान्यानें २०१० सालीं नाकांत फवारण्याची स्वदेशी लस तयार करून दाखविली, त्याच पुण्यांत गरिबाचें मूल मात्र ही लस दाम मोजल्याशिवाय पाहूं शकत नाहीं. कारण मुलांच्या सार्वत्रिक सरकारी लसीकरणांत तिचा समावेश झालेला नाहीं. स्वदेशीचा अर्थ केवळ माल येथें तयार होणें एवढाच नव्हे, तो येथल्या घरांत पोंचलाहि पाहिजे.

घरांतील शुश्रूषेबद्दल थोडें लिहिणें अवश्य आहे. हा विषाणु अँटिबायॉटिक गोळ्यांना भीक घालीत नाहीं. तेव्हां ‘जोराचें औषध द्या’ म्हणून डॉक्टरांच्या मागें लागूं नये, व उरलेल्या जुन्या गोळ्या तर देऊंच नयेत. मुलांस अ‍ॅस्पिरिन कधींहि देऊं नये. या तापांत त्यानें यकृत व मेंदू यांस इजा होण्याचा धोका आहे. उकळत्या पाण्याचा वाफारा देतांना भांडें कलंडून पोरें भाजल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. पेज, ताक, वरणाचें पाणी, विश्रांति व मोकळी हवा एवढ्यावर बहुतेक मुलें आठवड्यांत बरीं होतात. आजीआजोबांचें अंथरूण तेवढें निराळ्या खोलींत, निदान दूरच्या कोपऱ्यांत घालावें. आम्हांस ही अक्कल उशिरां आली. परंतु श्वास जलद चालूं लागला, श्वासागणिक बरगड्यांखालीं खळगा पडूं लागला, ओंठ निळसर दिसले, मूल पाणी पिईना, आठ तास लघवी झाली नाहीं, हांक मारूनहि नीट जागें होईना, झटके आले, किंवा उतरलेला ताप दोन दिवसांनीं पुनः जोरानें चढला, तर रात्र आहे कीं दिवस याचा विचार न करतां रुग्णालय गांठावें. या रोगावर विषाणूस रोखणारें खास औषध आहे, परंतु तें पहिल्या अठ्ठेचाळीस तासांतच फार उपयोगीं पडतें, व तें द्यावयाचें कीं नाहीं हें डॉक्टरांनींच ठरवावयाचें. म्हणून लहान अर्भकें, गरोदर स्त्रिया व जुनाट रोगी यांच्या बाबतींत ‘दोन दिवस वाट पाहूं’ हें धोरण घातक होय.

पुढील आठवड्यांत शहरांतील बहुतेक शाळांतून पालक-शिक्षक संघाच्या सभा भरतील. आमच्या मुलाच्या शाळेंत आम्ही पुढील ठराव मांडणार आहों, इतर पालकांनीं तो आपापल्या शाळेंत जसाच्या तसा मांडल्यास आमची हरकत नाहीं: “पूर्ण हजेरीचें बक्षीस या वर्षापासून बंद करावें, तापाच्या दिवसांची गैरहजेरी पालकाच्या चिठ्ठीवर मंजूर करावी व त्या दिवसांतील चाचणी मागाहून घ्यावी, आणि बक्षिसाच्या खर्चाची जी रक्कम वांचेल तिचा साबण आणून प्रत्येक नळापाशीं ठेवावा.” अनुमोदन देण्यास आमच्या मातोश्री काठी टेकीत येणार आहेत.